फ्रीज थंड होईना? गॅस भरायच्या आधी हे बघा

गार_काम_परभणी

राम राम मंडळी. मी परभणीत फ्रीज-एसी दुरुस्तीचं काम करतो. होळी झाली की फोन वाजायला लागतात आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं : ‘फ्रीज थंड करीना झालाय, गॅस संपलाय, येऊन भरून द्या.’ हा धागा त्या वाक्यापायी काढलाय. या एका समजुतीमुळं लोकांचा पैसा जातो, आणि पंधरा दिवसांनी फ्रीज पुन्हा आहे तिथंच येतो.

गॅस संपत नाही. तो काही गाडीतलं पेट्रोल नाही जळून जायला. कारखान्यात जेवढा भरला तेवढाच गॅस वर्षानुवर्षं बंद नळ्यांमधून फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मागच्या नाहीतर बाजूच्या नळ्यांत तो उष्णता बाहेर टाकतो, कॅपिलरी म्हणतात त्या केसाएवढ्या बारीक नळीतून फ्रीझरच्या नळ्यांत जाऊन गार होतो आणि आतली उष्णता घेऊन परत कॉम्प्रेसरकडं येतो. गॅस कमी झाला असेल तर कुठंतरी भोक पडलंय. ते न शोधता भरलेला गॅस त्याच भोकातून जाणार.

आता आपल्या भागाचं. मराठवाड्यात फ्रीजची निम्मी दुखणी फ्रीजच्या बाहेर असतात : व्होल्टेज, उष्णता, धूळ आणि अर्थिंग. म्हणून मेकॅनिकला बोलवायच्या आधी हे बघा.

फ्रीजच्या मागं किंवा आत एक स्टिकर असतो. त्यावर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो : एन, एसटी किंवा टी. एन म्हणजे 32 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, एसटी 38 पर्यंत, टी 43 पर्यंत. परभणी, नांदेड, बीडकडं मे महिन्यात बाहेरच पारा 42-43 ला जातो. पत्र्याच्या स्वयंपाकघरात, पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेल्या फ्रीजभोवतीची हवा त्याहून तापलेली असते. टी वर्गाचा फ्रीजसुद्धा तिथं हरतो. तो दिवसभर बंद होत नाही, पाणी कोमटच राहतं आणि आपण म्हणतो गॅस गेला. फ्रीज पश्चिमेच्या भिंतीपासून हलवा, गॅसच्या शेगडीपासून लांब न्या, मागं वीतभर जागा सोडा. वर टॉवेल, डबे, जुनी वर्तमानपत्रं रचू नका. मागं काळी जाळी असेल तर प्लग काढून मऊ ब्रशनं झाडा. आपल्याकडची धूळ तिच्यावर गोधडीच पांघरते.

दुसरं, दाराचं रबर. कागदाचा तुकडा दारात धरून दार लावा आणि ओढा. अलगद सुटून आला तर तिथून गरम हवा आत जातेय. चारही बाजूंनी, खासकरून बिजागरीकडच्या कोपऱ्यात असं करून बघा. रात्री मोबाइलची बॅटरी चालू करून आत ठेवा, खोलीतली लाइट घालवा, फटीतून उजेड दिसतोय का बघा. बहुतेक वेळा रबराच्या घडीत कणीक, साखरेचा पाक, दुधाची साय बसलेली असते. कोमट साबणपाण्यानं पुसलं की रबर पुन्हा चिकटतं. चेपलं असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्यावर धरा, बरंचसं सरळ होतं. फाटलं असेल तर बदला.

तिसरं, ‘थंड होईना’ हे हातानं ठरवू नका. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा. ताप मोजायचं चालत नाही, स्वयंपाकाचं किंवा फ्रीजचं साधं मिळतं ते घ्या. सकाळी 4 अंशांच्या आसपास असेल तर फ्रीज ठीक आहे. दोन दाराच्या फ्रीजच्या फ्रीझरात उणे 18 पाहिजे. मधल्या कप्प्यात 10-12 दाखवत असेल तर बोलू.

तुमच्या फ्रीजला काय होतंय ते लिहा. एक दाराचा की दोन दाराचा, किती वर्षांचा, स्टॅबिलायझर आहे का, एवढं आधी सांगा.

धारूरची_लेक

दादा, नमस्कार. दोन दाराचा, फ्रॉस्ट फ्री, सहा वर्षांचा. वरचा फ्रीझर चांगला, बर्फ होतो. खालचा कप्पा मात्र गार होईना. दूध रात्रीत नासलं. कोथिंबीर काळी पडायलीय. इथला मेकॅनिक म्हणाला गॅस कमी आहे, अठ्ठावीसशे लागतील. भरू का?

गार_काम_परभणी

ताई, थांबा. तुमच्या लक्षणावरून गॅसचा संशय शेवटी घ्यायचा.

दोन दाराच्या फ्रीजात थंडी तयार होते ती फ्रीझरच्या मागच्या पडद्याआड, गुंडाळीत. पंखा ती हवा वर फिरवतो आणि एका बोगद्यातून खाली ढकलतो. गुंडाळीवर दव जमतं. ते वितळवायला दिवसातून एक-दोनदा हीटर आपोआप लागतो. तो हीटर, त्याचा फ्यूज, बायमेटल (गारवा-उष्णता बघून हीटर जोडणारी-तोडणारी टिकली) नाहीतर टायमर-सेन्सर यातलं एक गेलं की दव वितळत नाही. थरावर थर चढून गुंडाळी बर्फाची वीट होते. वर गारवा राहतो, पण हवेला खाली यायला वाट राहत नाही. तुमचं अगदी हेच वाटतंय.

खात्री अशी करा. सामान काढा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवून पूर्ण एक दिवस-रात्र फ्रीज बंद ठेवा. खाली पोतं टाका, पाणी पुष्कळ येईल. सुरी, उलथनं, काहीही आत घालायचं नाही. मग चालू करा. खालचा कप्पा नीट गार झाला आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच सुरू झालं, तर डिफ्रॉस्टचा, म्हणजे दव वितळवायचा भाग बिघडलाय. तो भाग बदलायचा, गॅसला हात लावायची गरज नाही. गॅस खरंच कमी असता तर फ्रीझरचाही बर्फ मऊ पडला असता.

आणखी एक बघा : फ्रीझरच्या जाळीसमोर मटारच्या पिशव्या गच्च लावल्यात का? खालच्या कप्प्यात वरून हवा येते त्या भोकासमोर पातेलं आहे का? एवढ्यानंही असं होतं.

उदगीरकर

आमचा एक दाराचा. दर दोन-तीन मिनिटांनी मागून ‘खट्ट’ वाजतंय, थोडी घूं होते, बंद. पुन्हा खट्ट. दिवसा नीट चालतो, संध्याकाळी सातनंतर हा तमाशा.

गार_काम_परभणी

‘संध्याकाळी सातनंतर’ हे सांगितलंत ते फार बरं केलंत. उत्तर त्यातच आहे.

संध्याकाळी सगळ्या गल्लीचे कूलर, पंखे, मोटारी एकदम लागतात आणि डीपीवरून (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरून) येणारं व्होल्टेज पडतं. कॉम्प्रेसरच्या मोटारीचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) हिशोबानं कमी होतो. 230 च्या जागी 160 मिळाले तर जोर निम्म्याहूनही कमी राहतो. मोटार फिरत नाही, करंट मात्र भरमसाट ओढते, तापते. मग तिच्या अंगावरची ओव्हरलोडची टिकली ‘खट्ट’ करून तिला तोडते. थोडी गार झाली की पुन्हा जोडते. हे रोज होत राहिलं तर एक दिवस मोटारीची गुंडाळी जळते.

सातनंतर मल्टिमीटरनं सॉकेटमधलं व्होल्टेज मोजा, नाहीतर वायरमनला मोजायला सांगा. कमी असेल तर फ्रीजपुरता वेगळा स्टॅबिलायझर घ्या. घेताना दोन गोष्टी बघा. किती कमी व्होल्टेजपासून तो काम करतो ते खोक्यावर लिहिलेलं असतं; आपल्या तालुक्याच्या गावांना 130-140 पासून उचलणारा लागतो. आणि त्यात ‘टाइम डिले’ पाहिजेच, म्हणजे लाइट आल्यावर तो थोडं थांबून मगच फ्रीजला करंट देतो. लाइट जाऊन लगेच आली तर नळ्यांतला दाब समान व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी कॉम्प्रेसर सुरू करायला गेलं की तो अडकतो.

व्होल्टेज 220-230 असूनही खट्ट होत असेल तर कॉम्प्रेसरच्या बाजूची रिले (मोटारीला सुरुवातीचा धक्का देणारा भाग) बघायला लावा. प्लग काढून रिले उपसली आणि हलवली, आत खुळखुळ वाजलं तर ती फुटलीय. शे-दोनशेचा भाग आहे. तो बदलून न बघता ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

उदगीरकर

158 दाखवलं दादा. शेजाऱ्याकडं 161.

गार_काम_परभणी

मग फ्रीज शहाणा आहे, थांबतोय. संध्याकाळी तो चालवूच नका जोवर स्टॅबिलायझर येत नाही. दुपारी गार करून घ्या आणि सातला बंद करा. आणि गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून वीज कंपनीच्या 1912 वर लो-व्होल्टेजची तक्रार नोंदवा, नंबर लिहून ठेवा. एकट्याचा अर्ज पडून राहतो, गल्लीचा हलतो.

वायरमन_औसा

परभणीकर दादा, एक भर घालू का? अर्थिंगचं कुणी विचारत नाही म्हणून लिहितो.

उन्हाळ्यात ‘फ्रीजला हात लावला की मुंग्या येतात’ अशा तक्रारी वाढतात. आपली काळी माती मार्चपासून भेगाळते. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की त्याचा उपयोग उरत नाही. पावसाळ्यात कुणाला काही लागत नाही, एप्रिलमध्ये लागतं. खड्ड्यात मीठ-कोळसा आहे का बघा आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी टाका. भांडी धुतलेलं चालतं, चांगलं पाणी वाया घालवायची गरज नाही.

पण मुंग्या आल्या तर आधी प्लग काढायचा. ‘चप्पल घालून उघडा’ असा घरोघरी तोडगा चालतो, तो माणूस मारणारा आहे. ओली फरशी, अनवाणी पोरगं आणि फ्रीजचं हँडल, एवढं पुरतं. तीन पिनच्या प्लगची जाड पिन कापून दोन पिनच्या सॉकेटात घुसवलेले प्लग मी अजून बघतो. तसा असेल तर आजच बदला. आणि मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की आपोआप पडणारा स्विच) बसवून घ्या. अर्थिंग हुकलं तरी तो करंट तोडतो.

गार_काम_परभणी

वायरमन भाऊ, लाख बोललात. यात एक जोडतो : फ्रीज एक्स्टेन्शन बोर्डावर कधीच नको. बोर्डाचं प्लास्टिक पिवळं पडलेलं, प्लगची पिन काळी झालेली दिसली तर तिथं ठिणगी पडते आहे. भिंतीतलं सॉकेट, आणि त्यावर दुसरं काही नाही.

गोदाकाठ_नांदेड

माझ्या सासूबाईंना इन्सुलिन आहे. आमचा एक दाराचा फ्रीज, इन्सुलिन बर्फाच्या खणाखालच्या ट्रेमध्ये ठेवायचो, सगळ्यात गार जागा म्हणून. हल्ली साखर आटोक्यात येईना. त्याचा याच्याशी संबंध असेल का? आणि लाइट सहा-सहा तास गेली तर काय करायचं?

गार_काम_परभणी

ताई, साखरेचं डॉक्टरच सांगतील, आजच फोन करा. फ्रीजपुरतं सांगतो.

न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशात ठेवायचं असतं. बर्फाच्या खणाखालचा ट्रे 0 च्या खाली जातो, खासकरून रात्री दार उघडत नाही तेव्हा. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला तसंच दिसू शकतं, पण ते वापरायचं नाही. ट्रेमधल्या बाटल्या बाजूला काढा, डॉक्टरांना दाखवा. नवीन बाटली मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला, छोट्या डब्यात ठेवा. दारात नको, दर वेळी उघडताना तिथं गरम हवा लागते. त्या डब्याशेजारी थर्मामीटर कायमचा राहू द्या.

लाइट गेली तर दार उघडायचं नाही. बंद दाराचा खालचा कप्पा साधारण 4 तास गारवा धरतो. आपल्या मे महिन्यात त्याहून कमी धरा. दूध, मटण, शिजवलेली आमटी याबद्दल त्यानंतर शंका आली तर टाका, नुसतं उकळून भागत नाही. इन्सुलिनसाठी जुनी सोय चांगली आहे : बाटली कोरड्या डब्यात, डबा छोट्या मडक्यात, मडकं ओल्या वाळूच्या परातीत, सावलीत, वारा लागेल अशा जागी. बाटलीला बर्फ थेट टेकवायचा नाही, पुन्हा गोठेल. चालू असलेली बाटली बाहेर किती दिवस आणि किती अंशांपर्यंत चालते ते तिच्या कागदावर लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या.

गोदाकाठ_नांदेड

ट्रेमधल्या दोन्ही बाटल्या गोठून गेलेल्या होत्या, आत खडे दिसले. डॉक्टरांनी बदलून दिल्या. मनापासून आभार. आमच्या भजनी मंडळात तिघींकडं इन्सुलिन आहे, त्यांनाही सांगते.

अंबडकर

एक दाराचा फ्रीज, खणात चार बोटं बर्फ. आईनं सुरीनं काढायला घेतला आणि ‘फुस्स’ झालं. आता थंड होत नाही. हे भोक बुजतं का?

गार_काम_परभणी

आधी घर उघडं करा. दारं-खिडक्या सताड, शेगडी बंद, फ्रीजचा प्लग काढू-घालू नका आणि तिथली बटणं आता दाबू नका. मेन बोर्ड स्वयंपाकघराबाहेर असेल तर तिथून बंद करा. स्टिकरवर ‘आर-600ए’ लिहिलंय का बघा. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक फ्रीजमध्ये तोच असतो. तो म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंद. पेट घेतो. फ्रीजमध्ये तो थोडाच असतो, तीस-चाळीस ते साठ-सत्तर ग्रॅम, म्हणून घाबरून जाऊ नका. अर्धा-एक तास हवा खेळू द्या.

भोकाचं सांगायचं तर खण अॅल्युमिनिअमचा असतो, त्याच्या पत्र्यातच नळ्या दाबलेल्या असतात. बारीक भोक खास पुटीनं बुजवतात, पण ते सदा टिकेलच असं नाही. खण नवा मिळत असेल तर तो बसवणं चांगलं. भोक पडल्यावर फ्रीज चालू ठेवला असेल तर ओली हवा आणि पाणी आत ओढलं जातं, कॉम्प्रेसरचं तेल खराब होतं आणि खर्च वाढतो. म्हणून ‘फुस्स’ झाल्यावर तो चालवून बघायचा मोह टाळा.

ज्यांच्याकडं एक दाराचा फ्रीज आहे त्यांच्यासाठी : बर्फ अर्ध्या सेंटीमीटरच्या वर गेला की काढायचा. थर्मोस्टॅटच्या मधलं बटण दाबलं की कॉम्प्रेसर थांबतो आणि बर्फ वितळल्यावर आपोआप सुरू होतो. घाई असेल तर खणात गरम पाण्याचं पातेलं ठेवा. सुरी, चमचा, स्क्रू ड्रायव्हर, काही नाही. माझ्याकडं दुरुस्तीला येणारे एक दारी फ्रीज बघता सुरीनं मेलेल्यांचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं, चांगला चालता फ्रीज क्षणात जातो.

आणि बर्फ लवकर का साठतो? त्याच खोलीत कूलर असेल तर ओली हवा. दर वेळी दार उघडलं की ती आत जाते आणि खणावर बर्फ होऊन बसते. उघडी आमटी, उघडं ताक ठेवलं तरी तेच. झाकण लावा.

हिंगोली_आखाडा

आखाड्यावर राहतो, शेतात. मोटारी चालू झाल्या की लाइट मंद होती हे कळतं. पण परवा उलटं झालं. अर्ध्या घरातले बल्ब भगभग उजळले, दोन उडाले, टीव्ही गेला. फ्रीज वाचला कारण बंद होता. असं का?

वायरमन_औसा

हे माझ्या प्रांतातलं. डीपीवर नाहीतर खांबावर न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) तुटला. न्यूट्रल तुटला की एका घराला 100 आणि दुसऱ्याला 300 च्या वर जाऊ शकतं. लक्षण एकच : काही दिवे अचानक फार उजळ, काही मंद. त्या क्षणी धावत जाऊन मेन स्विच खाली करायचा, मग बाकी. फ्रीज वाचवायचा असेल तर जास्त व्होल्टेजला तोडणारा स्टॅबिलायझर घ्या, फक्त वाढवणारा नको. स्वतः खांबावर चढू नका आणि गावातल्या पोराला चढवू नका.

सिडको_एन_नऊ

आम्ही नवीन इन्व्हर्टर फ्रीज घेतला, संभाजीनगरला. दुकानदार म्हणाला स्टॅबिलायझर नको. दुसरं, दोन्ही बाजूंचा पत्रा चांगलाच तापतो. बिघाड तर नाही?

गार_काम_परभणी

बाजू तापणं हे फ्रीज चालल्याची खूण आहे. पूर्वी मागं दिसणारी जाळी आता पत्र्याच्या आत बाजूला चिकटवतात, दाराच्या चौकटीतही नळी फिरवतात म्हणजे कडेला दव धरत नाही. म्हणून बाजूला खिळा, हुक, ड्रिल अजिबात मारू नका. बाजूला चार बोटं मोकळी ठेवा.

स्टॅबिलायझरचं : तुमच्या फ्रीजच्या कागदावर किती ते किती व्होल्टपर्यंत चालतो ते लिहिलेलं असेल. शहरात लाइट त्या पट्ट्यात राहत असेल तर दुकानदार खरं बोलला. तोच फ्रीज गावाकडं नेला आणि तिथं 140 असेल तर हा हिशोब मोडतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो, सुरुवातीला झटका ओढत नाही, त्यामुळं तो कमी व्होल्टेज सोसतो. पण त्याच्या मागं एक सर्किट बोर्ड असतो, न्यूट्रल तुटल्यावर सगळ्यात आधी तोच जातो. पाल, उंदीरही तिथंच जाऊन बसतात. मागची झाकणं कायम लावलेली ठेवा.

सिडको_एन_नऊ

आणि भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतंय?

गार_काम_परभणी

मागच्या भिंतीला खाली एक भोक असतं, त्यातून वितळलेलं पाणी मागच्या ट्रेमध्ये जातं. कोथिंबिरीची काडी, कांद्याची साल अडकली की पाणी पुढं येतं. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजनं कोमट पाणी हळू मारा, निघेल. तार घालू नका.

मागचा ट्रे मात्र दर आठवड्याला रिकामा करून घासा. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आरोग्य खात्याची माणसं घरी येतात ती माठ, बॅरल आणि फ्रीजचा ट्रे बघायलाच. आपल्याकडं पाणी चार-आठ दिवसांनी येतं म्हणून घरात साठे असतातच, त्यात हा एक विसरलेला साठा नको.

धारूरची_लेक

दादा, चोवीस तास बंद ठेवला, फरशीभर पाणी आलं. चालू केल्यावर खालचा कप्पा 5 अंश! पण आज पुन्हा 11. म्हणजे हीटरच ना? आता कुणाला बोलवलं तर काय विचारू? आणि समजा कधी खरंच गॅस भरायची वेळ आली तर फसवणूक कशी ओळखायची?

गार_काम_परभणी

होय ताई, डिफ्रॉस्टचा भाग. येणाऱ्याला सांगा, ‘हीटर, बायमेटल आणि टायमर मीटरवर तपासून दाखवा, जो गेलाय तोच बदला.’ जुना भाग मागून घ्या. बर्फ नुसता वितळवून पैसे मागेल तर देऊ नका, ते तुम्ही घरीच केलंय.

गॅसचं सविस्तर लिहितो, हे सगळ्यांनी जपून ठेवा.

गॅस कमी असल्याची लक्षणं वेगळी असतात. कॉम्प्रेसर अखंड चालतो पण मागची जाळी किंवा बाजू जेमतेम कोमट. एक दाराच्या खणात एकाच कोपऱ्यात बर्फ, बाकी खण कोरडा. ही दिसली तरच गॅसकडं वळायचं.

मग कामाची रीत अशी. आधी भोक शोधायचं : नळ्यांत नायट्रोजन दाबानं भरून साबणाचा फेस लावतात, बुडबुडा आला तिथं भोक. हवेच्या कॉम्प्रेसरनं किंवा गॅसनंच दाब देणारा नको. सापडलं की ते बुजवायचं. ओलावा टिपणारा फिल्टर दर वेळी नवा. मग व्हॅक्यूम पंप लावून निदान अर्धा तास नळ्यांतली हवा ओढून काढायची. आत ओलावा राहिला तर कॅपिलरीच्या तोंडाशी त्याचा बर्फ होतो आणि फ्रीज अधूनमधून आपोआप बंद-चालू थंडी देतो. शेवटी वजनकाट्यावर मोजून गॅस. स्टिकरवर ग्रॅम छापलेले असतात. आर-600ए मध्ये दहा ग्रॅमची चूकसुद्धा जाणवते, तिथं अंदाज चालत नाही. स्टिकरवर 134ए (हा दुसऱ्या जातीचा गॅस) असेल तर 134ए च, त्यात 600ए भरणारा माणूस घरात घेऊ नका. तो फ्रीज त्या गॅससाठी बनलेलाच नसतो. 600ए च्या फ्रीजला नळ्या जोडायची आगीची बत्ती लावायच्या आधी आतला गॅस मोकळ्या हवेत नेऊन सोडावा लागतो. बंद स्वयंपाकघरात बत्ती पेटवणाऱ्याला तिथंच थांबवा.

व्हॅक्यूम पंप आणि काटा नसलेला माणूस वीस मिनिटांत गॅस भरून जात असेल तर तो तुम्हाला पुढच्या महिन्याची तारीख देऊन जातोय.

कधी कधी भोक पत्र्याच्या आत, फोममध्ये असतं. ते खोदता येत नाही. मग आतली नळी सोडून देऊन मागं नवी जाळी बाहेरून बसवतात. प्रामाणिक मेकॅनिक हे आधी सांगतो आणि चौकटीला थोडं दव धरेल हेही सांगतो. दहा-बारा वर्षांच्या फ्रीजवर हा खर्च करायचा की नाही ते हिशोबानं ठरवा. मी तरी गंज खाल्लेल्या फ्रीजवर हे काम घेत नाही.

वॉरंटीचं कार्ड काढून वाचा. कॉम्प्रेसरला दहा वर्षं असतात म्हणून गॅस आणि मजुरी फुकट असते असं नाही. पावती घ्याच. पावतीवर काय बदललं ते लिहून घ्या. कंपनीचं सर्व्हिस सेंटर टाळाटाळ करत असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, मराठीत बोलता येतं.

कळंबची_सून

आम्ही दोन महिने पुण्याला पोरीकडं चाललोय. फ्रीज रिकामा करून बंद ठेवला तर चालेल ना? मागच्या वेळी आल्यावर आत हिरवी बुरशी होती.

गार_काम_परभणी

काकू, चालेल. बंद करून दार लावून गेलात म्हणून बुरशी आली. प्लग काढा, बर्फ पूर्ण वितळू द्या, मागचा ट्रे ओता, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं आतून पुसा आणि रबराच्या घडीही कोरड्या करा. मग दाराच्या फटीत दुमडलेलं फडकं अडकवा म्हणजे दार चार बोटं उघडं राहील. घरात लहान मुलं येत-जात असतील तर दार दोरीनं असं बांधा की ते लागणारही नाही आणि पूर्ण उघडणारही नाही. परत आल्यावर एक फेर टॉर्च मारून मागं उंदरानं वायर कुरतडली नाही ना बघा, मगच प्लग घाला. सामान लगेच भरू नका, रिकामा चार-पाच तास चालू द्या.

धारूरची_लेक

बायमेटल गेलं होतं दादा. भाग आणि मजुरी मिळून सातशे. जुना भाग पिशवीत ठेवलाय. थर्मामीटर 4 वर आहे.